पहिल्या नंबरचा विषय

गेल्या बुधवारी दुपारी, इथे बहरीनमध्ये, मनामा शहरात, फोनवर युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल आलं आणि मला दरदरून घाम फुटला. पाच विषय... आणि पाचही आर्किटेक्चरचे. मी सिव्हिलची!

एका सेमिस्टरसाठी पुण्याहून एक्स्चेंजवर आलेय, माहूजला मावशीकडे राहते. निघताना आमच्या एचओडी सरांनी चारचारदा बजावलं होतं... तीन विषय सिव्हिलचे, मी लिहून देतो तेच. चौथा ओपन इलेक्टिव्ह, कुठलाही चालेल, पण आधी मला मेल करायचा. हे जुळलं नाही तर सेमिस्टर वाया आणि परत आल्यावर ज्युनिअर्सच्या बाकावर.

आणि विषय बदलायची शेवटची तारीख गुरुवार. म्हणजे उद्याच. शुक्रवार-शनिवार इथे सुट्टी, मग सगळं खलास.

हा घोळ कसा झाला ते सांगते. हसू नका.

आल्या आल्या ऑफिसात एक फॉर्म दिला होता, कुठले विषय हवेत ते लिहा. आठ ओळी होत्या. आता मला सांगा, ज्या मुलीने बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरलाय ती ओळ रिकामी सोडेल का? बाबा आणि मी तेव्हा दोन रात्री जागून साठ-सत्तर पर्याय टाकले होते. वर मिळणार नाहीत ती स्वप्नं, खाली मिळतील ती कॉलेजं. मला लागला सत्तेचाळिसावा.

तर मी इथेही तेच केलं. वर पाच आर्किटेक्चरचे विषय, कारण मला खरं तर तिकडेच जायचं होतं. त्यातही पहिल्या नंबरवर जुन्या वास्तूंचं जतन. खाली सरांचे तीन, आणि सर्वात शेवटी इंग्लिश कम्युनिकेशन, अगदीच काही नाही मिळालं तर असावं म्हणून. एक जादा कागदही मागितला होता... ऑफिसातली बाई माझ्याकडे बघतच राहिली होती, ती का ते मला आत्ता कळतंय.

इथे पसंतीक्रम वगैरे काही नसतोच. जे हवं ते लिहायचं, वरून जेवढे बसतात तेवढे देतात. मावशीची इरा दहावीत आहे, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्येच. ती म्हणाली, "ताई, you asked for it and they gave it. What's the problem?" काय सांगणार कप्पाळ!

गुरुवारी सकाळी आठला ऑफिस उघडायच्या आधीच दारात उभी. आतल्या मॅडमना इंग्लिशमध्ये समजावत होते की वर लिहिलेले नको होते, खालचे हवे होते. त्या बिचाऱ्या शांतपणे पुन्हा पुन्हा विचारत होत्या, मग वर का लिहिलेस? आम्ही दोघीही गोंधळलेल्या. माझे डोळे भरून यायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कनी माझा फॉर्म ओढून घेतला. मुनाफभाई, मूळचे श्रीवर्धनचे, वीस वर्षं बहरीनमध्ये. वरून खाली एकदा नजर टाकली आणि खो खो हसायला लागले.

"अगो पोरी, ही कॅप राउंडची लिस्ट भरलीस काय? माझ्या भाचीने गेल्या साली अशीच भरलान."

त्या परक्या ऑफिसात हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं ना... वाटलं त्यांच्या पायाच पडावं. त्यांनी मॅडमना अरबीत दोन मिनिटं काहीतरी सांगितलं, मग त्याही हसल्या. भराभर विषय निघाले, सिव्हिलचे तीन घातले गेले. सुदैवाने जागा होत्या.

शेवटी राहिला ओपन इलेक्टिव्ह. मी म्हटलं, इंग्लिश कम्युनिकेशन टाका. मुनाफभाईंचा हात कीबोर्डवर थांबला.

"पहिल्या नंबरवर लिवलास, तो नको हाय तुला?"

नको कुठे होता? तोच तर हवा होता. फक्त तो मिळतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मिळालाय हे कालपासून स्क्रीनवर दिसत होतं आणि मी तो काढायला धावत आले होते!

तिथेच उभ्या उभ्या सरांना मेल टाकला, जतनाचा विषय घेऊ का म्हणून. ऑफिस दोनला बंद, पुण्यात घड्याळ अडीच तास पुढे. मुनाफभाईंनी चहा पाजला, इंशाल्ला इंशाल्ला म्हणत राहिले. पावणेदोनला उत्तर आलं... "Approved. Attend regularly." सरांचा इतका गोड मेल मी आजवर वाचला नाही.

रविवारी सकाळी जतनाचं पहिलं लेक्चर झालं. हो, इथे रविवारी कॉलेज असतं. पुढच्या आठवड्यात मनामातल्याच नईम भागातल्या एका जुन्या घराच्या भिंती मोजायला जायचंय.

बाहेर आल्यावर बाबांना फोन केला. सवयीने त्यांनी विचारलं, "कितव्या नंबरचा लागला?"

"पहिल्या."

खरंच ना, असं बाबांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "थांब, आईला देतो."

मिळेल ते गोड मानून घ्यायचं हे आमच्या घरी सगळ्यांना उत्तम जमतं. जे मागितलं तेच मिळालं तर काय करायचं, हे मात्र मला श्रीवर्धनच्या माणसाने बहरीनमध्ये शिकवलं. मुनाफभाई, त्या दिवशी तुमचा हात कीबोर्डवर थांबला, त्याबद्दल मनापासून थँक्यू.