शून्य म्हंजे उठलो

आमचा दानियाल गेला. त्याचा चष्मा अजून टीव्हीवरच हाय, कोन उचलत नाय. लोक इचारत्यात, नुसता कंप्युटर शिकवायचा व्हय? व्हय, तेवढंच करायचा.

जुन्नरच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानावर, माडीवर त्याचा क्लास व्हता. नवीन पोरं आली की पहिला एकच खेळ लिहून घ्यायचा. कंप्युटर एक ते शंभरातला एक आकडा मनात धरनार, आपन तो ओळखायचा. चुकलं तर तो सांगनार, आकडा मोठा हाय का ल्हान. "पन्नासपासून धरा, दर टायमाला अर्धं कापा, लगेच घावतंय," हे सांगताना दानियालला जेवायची सुद नसायची.

क्लासात सगळ्यात हुशार अर्शिया, बकऱ्यांचे व्यापारी पीरमहंमदचाचा यांची पोरगी. घरून निरोप आला, आता पुरं झालं शिकनं. दानियालला घास गोड लागंना. तो अर्शियाला म्हनला, "अब्बांना एकदा घेऊन ये. खेळ बघतील, मंग ठरवतील."

चाचा आले. खुर्चीत बसले. टाईप करायला अर्शिया.

"बोला अब्बा, आकडा."

"दहा."

मोठा हाय, असं स्क्रीनवर आलं.

"अकरा."

मोठा.

"चाचा, एकदम पन्नास म्हना की," दानियाल म्हनला.

"येडा हाय का तू? पहिल्या बोलीला पन्नास म्हनलं की समोरच्याला कळतं, याला गरज हाय."

"समोर मशीन हाय, चाचा."

"म्हनून काय झालं? बारा."

मोठा.

चाचा उठले. टोपी नीट केली, सावकाश जिन्यापतुर गेले आन पाठमोरे उभे राह्यले. बकऱ्याच्या बाजारात असंच करत्यात. समोरचा हाक मारतोच.

"बोलावतंय का?"

"नाय चाचा. त्याला तसलं येत नाय."

"मंग लई माजोरी हाय. इतके दिवस पोरीला हेच शिकवलं व्हय? उद्यापासून नाय यायची ती."

अर्शिया मान खाली घालून काहीतरी टाईप करत व्हती.

"अब्बा, बसा परत. नवा आकडा धरलाय. आता उठून जायचं असलं की शून्य म्हना."

चाचा बसले. "दहा." मोठा. "अकरा." मोठा. "शून्य."

स्क्रीनवर आलं, अहो शेठ, असं काय करता, साठ न सत्तरच्या मधी हाय.

चाचांनी दाढीवरनं हात फिरवला. "आता कसं."

दानियालला ते बघवंना. मशीन कुनाचं मानत नाय, हे तो सगळ्या पोरांना सांगत आल्याला. पन अर्शियाकडं बघितलं आन स्क्रीन चाचांकडं जरा वळवली.

"एकसष्ट." मोठा. "शून्य."

शेठ, बसा की. सहासष्ट न अडुसष्टच्या मधी.

"सदुसष्ट."

बरोबर, आलं.

चाचांनी मशीनपुढं हात केला. धरायला काय घावंना, म्हनून दानियालचा धरून दाबला. "जमलं. येईल पोरगी. पन ते शून्य काढायचं नाय."

दुसऱ्या दिवशी अर्शिया आली. दानियाल म्हनला, "आता काढ ते. खेळाची वाट लागली."

"सर, अब्बांनी सगळ्या बाजारात सांगितलंय. खाली दोन व्यापारी उभे हायत."

दानियालनं खिडकीतनं वाकून बघितलं. खरंच व्हते. "बोलाव वर," म्हनला. दोघांना खुर्च्या दिल्या आन पार पहिल्यापासून समजावलं, पन्नासपासून धरायचं, अर्धं कापायचं. दोघांनी नीट ऐकून घेतलं, माना हलवल्या.

आन दहापासून सुरू झाले.