आखाजीची नोटीस

अन्याय झाला तो माझ्या फुईवर, वडिलांच्या थोरल्या बहिणीवर. धुळ्यात, १९५४ सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी, तिच्या स्वतःच्या घराच्या ओट्यावर. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून आमच्या भाडेकरू संघातले लोक म्हणतील, हा मालकांना जाऊन मिळाला. म्हणोत. मी कुणाला मिळालेलो नाही.

फुईचं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं, दोन खोल्यांचं. फुवा, तिचे यजमान, गेल्यावर तिने असोद्याला मुलींच्या शाळेत नोकरी धरली, शाळेने दिलेल्या खोलीत राहिली आणि धुळ्याचं घर कापसाच्या जिनातल्या एका कारकुनाला भाड्याने दिलं. नोकरी संपली तशी शाळेची खोली गेली. मग ती जळगावला आमच्याकडे आली. आईने तिला मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी जागा करून दिली. आईने कधी वाकडा शब्द काढला नाही. तरी फुई रोज सकाळी आपली वळकटी बांधून भिंतीशी उभी करून ठेवायची, गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"भावाकडे चार दिवस राहावं माणसाने," ती म्हणायची. "मला माझ्या चुलीवर माझा चहा करायचाय."

एवढंच तिचं मागणं होतं. तिला भाडं वाढवून नको होतं, घर विकायचंही नव्हतं.

आमच्या खानदेशात सालदार, वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आखाजीला लागतो आणि आखाजीला सुटतो. देणंघेणं, बोलीचाली, सगळं आखाजीवर ठरतं. फुईनेही संक्रांतीनंतर कारकुनाला तसंच सांगितलं आणि तोही शेजाऱ्यांदेखत म्हणाला, "बाई, आखाजीला किल्ली तुमच्या हातात." शिवाय तिने कोर्टाबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून रीतसर नोटीस लिहून घेतली: आखाजीपर्यंत घर खाली करावे. लिहिणाऱ्याने मान डोलावून लिहिली, सही घेतली, पाठवली.

आखाजीच्या दिवशी आम्ही दोघं धुळ्याला गेलो. वळकटी तिच्याकडे, ट्रंक माझ्याकडे. कारकून ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"या बाई. चहा घ्या."

"चहा मी आत जाऊन करीन. किल्ली द्या."

त्याने अडकित्ता खाली ठेवला आणि आतून एक पत्रक आणलं. मी लिहिलेलं, आमच्या संघाचं. "तुमच्या भाच्याने लिहिलंय हे. 'बेकायदा नोटिशीला भीक घालू नका.' वाचू का पुढे? चांगलं लिहितो पोरगा."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता की. नाही कुठे म्हणतोय? पण आपलं भाडं इंग्रजी महिन्याचं, एक तारखेपासून. तुमची आखाजी आली मेच्या पहिल्या आठवड्यात. महिन्याच्या मध्येच काढता होय आम्हाला? कोर्टात जा."

फुई कोर्टात गेली. वर्षभराने दावा पडला. न्यायाधीशांनी कारकुनाला विचारलं, शब्द दिला होता का? तो म्हणाला, "होय साहेब, दिला होता." लपवायची त्याला गरजच नव्हती. महिन्याने दिलेलं घर सोडवायचं तर पुरते पंधरा दिवस आधी नोटीस हवी, आणि ती त्या महिन्याच्या अखेरीला संपणारी हवी. आखाजीला संपणारी नोटीस कायद्याच्या लेखी नोटीसच नव्हे.

मी त्या निकालावर चिडलेलो नाही. तो नियम भाडेकरूच्या डोक्यावरचं छप्पर राखतो, आणि माझ्या पत्रकातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. मी चिडलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. ज्यांच्या चाळी आहेत त्यांच्या पदरी वकील असतात. त्यांच्या नोटिशीत तारीख कधी चुकत नाही. चुकते ती दोन खोल्यांच्या मालकिणीची. आणि तिला हे आधी सांगायचं कुणाचं काम होतं? सरकारने सांगितलं नाही, अर्ज लिहिणाऱ्याने सांगितलं नाही. आम्ही भाडेकरू संघवाल्यांनी तर नाहीच. आमच्या लेखी मालक म्हणजे शत्रू, मग तो चाळीचा असो की एका चुलीचा.

मग नातेवाईक सरसावले. धाब्यावर पावसाआधी खारी माती पसरावी लागते, नाहीतर पाणी आत उतरतं. फुईचे चुलतदीर गावाहून मुद्दाम येऊन सांगून गेले, "घर तुनं शे, धाबं तुनं शे. औंदा खारी टाकूच नको. बठ्ठं घर गळई, तो आपोआप पळी जाई."

फुईने त्यांना जेवू घातलं आणि मृगाच्या तोंडावर धुळ्याला जाऊन खारीची गाडी टाकून घेतली. पदर खोचून स्वतः शिडीने वर चढली. खालून टोपल्या द्यायला मी होतो, आणि थोड्या वेळाने कारकुनाची बायकोही आली.

"काय बाई," ती म्हणाली, "आम्हाला बाहेर काढायचंय आणि आमचंच छप्पर शाकारताय?"

"काढायला कोर्ट आहे. छप्पर माझं आहे. टोपली द्या वर."

त्या दिवशी मी ठरवलं, हिची पुढची नोटीस मी लिहिणार. संघाच्या बैठकीत तसं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "मालकाची नोटीस? तू?" मी म्हटलं, "हो, मी. कायदा फक्त आपल्यालाच समजावा असं म्हणणारे आपण कोण? सावकार तरी दुसरं काय करतो?" दोघे उठून गेले. बाकीचे बसले.

एका तरुण वकिलांकडे फुईला घेऊन गेलो. त्यांनी आधी विचारलं, "घर का हवंय?" फुई म्हणाली, "माझं आहे म्हणून." वकील म्हणाले, "हे कारण चालत नाही. माझं आहे म्हणून काढता येत नाही. राहायला हवंय, खरोखर हवंय, आणि दुसरीकडे सोय नाही, हे दाखवावं लागेल. आणि तुम्हाला घर न मिळाल्याने होणारा त्रास मोठा की त्याला काढल्याने होणारा मोठा, हे कोर्ट तोलणार." फुई म्हणाली, "तोलू द्या. मी कुठे पासंगाला बोट लावणार आहे?"

नोटीस गेली, महिनाअखेरीची. मग दावा, मग कारकुनाची कैफियत, मग तारखा. प्रत्येक तारखेला जळगावहून एस.टी.ने धुळं, आणि संध्याकाळी परत ती कोठीशेजारची जागा. शेवटी फुई साक्षीला उभी राहिली. समोरच्या वकिलाने विचारलं, "भावाकडे दोन वेळचं जेवण मिळतं ना? आदराने वागवतात ना? मग गरज कसली?"

फुई म्हणाली, "वकीलसाहेब, तुम्हाला सासुरवाडीला पंचपक्वान्नं मिळतात. जाता का राहायला?"

न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. ते हसत होते असं मला वाटतं.

निकाल झाला तो असा: कारकुनाचं कुटुंब मोठं, तेव्हा सगळं घर देता येत नाही, ओट्यासकट पुढची खोली मालकिणीला, मागची भाडेकरूकडे. कायद्यात असा अर्धा हुकूम आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. तोही त्याने सुखासुखी पाळला नाही. हुकूम बजावून घ्यायला दरखास्त द्यावी लागली, बेलीफ आणावा लागला. गल्ली जमली. चुलतदीर चार गडी घेऊन आले होते, सामान रस्त्यावर फेकायला. फुई त्यांच्या आडवी उभी राहिली. "बेलिफाखेरीज कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि त्यांची खाट मागच्या खोलीत नेऊन ठेवा. मोडली तर तुमच्याकडून घेईन." कारकुनाच्या बायकोने पुढच्या खोलीतली भांडी स्वतः उचलली.

संध्याकाळी फुईने शेगडी पेटवली. मी चहा प्यालो. चांगला नव्हता, धूर लागला होता. ती दोनदा प्याली.

अर्धं घर. कुणी म्हणतं जिंकली, कुणी म्हणतं हरली. मी म्हणतो, स्वतःच्या घराच्या अर्ध्यासाठी म्हातारीला दोन वर्षं वळकटी बांधावी लागली, आणि त्यातलं एक वर्ष तिला कुणी नियम सांगितला नाही म्हणून गेलं.

तेव्हा वाचणाऱ्या, तू घर दिलेलं असशील तर शिडी लावून कौलं काढू नकोस, पाणी तोडू नकोस, गुंड आणू नकोस. आज भाडेकरूला विचार, आपला महिना कोणत्या तारखेला सुरू होतो, आणि ते दोघांच्या सहीने लिहून ठेव. नोटीस पाठवण्याआधी ती कायदा जाणणाऱ्या माणसाला दाखव. आणि तू भाडेकरू असशील, आणि एखाद्या एकट्या बाईला घर सोडण्याचा शब्द देऊन बसला असशील, तर तारीख चुकली म्हणून सुपारी कातरत बसू नकोस. ऊठ, सामान बांध, आणि किल्ली तिच्या हातात दे.