पहिलं मॅगझिन ऑर्व्हलचं

ऑर्व्हल प्रुएट माझा नवरा आहे. त्याच्याबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर आमच्या नेमबाजीच्या रेंजवरच्या पुरुषांना विचारा. ते भरभरून सांगतील. तरुणपणी त्यानं नेमबाजीत जिंकलेल्या ढाली हॉइटच्या दुकानात फळीवर मांडून ठेवल्यात, आणि त्यांच्यावरची धूळ मी पुसते. म्हणून मला त्या फारशा मोठ्या वाटत नाहीत.

हॉइटचं दुकान हार्लो फोर्कच्या बाहेर, जुन्या दगडखाणीला लागून आहे. पुढे बंदुका विकायच्या, मागे खाणीच्या कड्याकडे तोंड करून त्या उडवायच्या. मी काउंटरवर बसते, कानाला लावायचे मफ आणि चष्मे देते, आणि रेंजवर कोणी वेडेपणा करत नाही ना ते बघते. ऑर्व्हल काहीच करत नाही. तो नुसता असतो. सकाळी कॉफीचा थर्मास घेऊन येतो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवतो.

दुकानातून कोणी नवं पिस्तूल घेतलं की त्याचं पहिलं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणाऱ्या डबीतल्या पहिल्या गोळ्या, ऑर्व्हलनं उडवायच्या, असा आमच्याकडे रिवाज आहे. कोणी ठरवला, कधी ठरवला, ठाऊक नाही. बाप्ये लोक आपलं कोरं पिस्तूल त्याच्यापुढे धरून उभे राहतात. हा ते उलटंसुलटं करतो, नाक मुरडतो, गोळ्या झाडतो आणि निकाल देतो. महाग असेल तर "चालेल." स्वस्त असेल तर "भंगार." मग ते भंगारवाले तोंड पाडून घरी जातात आणि पुढच्या वर्षी महागातलं घ्यायला येतात. हॉइट ह्या रिवाजावर का खूश असतो, ते सांगायला नको.

ट्वायला रेनफ्रो आली ती स्वस्तातलं पिस्तूल घ्यायला. कोंबड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी हाडं काढत उभी असते ती. तिला मी चर्चमुळे ओळखत होते, म्हणजे तोंडओळख. तिचा नवरा कर्टिस काउंटीच्या तुरुंगात होता आणि शुक्रवारी सुटणार होता. तिच्या घराजवळ फिरकायचं नाही असा जजनं हुकूम दिलेला होता. असाच हुकूम कर्टिसनं मागेही एकदा मोडला होता. तेव्हा तिचं मनगट मोडलं होतं.

"मिस आयोन, मला ह्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानानं 'मिस'च म्हणतात. "पर्समध्ये मावेल आणि दाबल्यावर वाजेल असं काहीतरी द्या."

तिनं घेतलं ते लहान, काळं, प्लास्टिकच्या मुठीचं. दिसायला अगदी साधं. खोक्यात एक जास्तीचं मॅगझिन होतं, बाकी काही नाही. ऑर्व्हल त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे सगळ्या गावाला दिसत होतं, फक्त त्याला दिसत नव्हतं. त्याची वाट बघायची की नाही, असा प्रश्नसुद्धा मी मनात आणला नाही. तिला सरळ मागे नेलं.

मॅगझिन भरताना स्प्रिंग इतकी कडक की तिचा अंगठा लाल झाला. पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड ओढताना तिनं दोनदा अर्ध्यावर सोडली. मी म्हटलं, "नुसतं ओढू नकोस. एका हातानं मूठ पुढे ढकल, दुसऱ्यानं स्लाइड मागे ओढ." तसं केल्यावर जमलं. पहिल्या गोळीला पिस्तूल तिच्या हातात उडालं आणि ती "अगं आई गं" म्हणून हसली. चाप बराच मागे ओढावा लागत होता आणि मध्येच रेती अडकल्यागत खरखरत होता. मुठीच्या खडबडीत पृष्ठभागानं तिच्या तळव्यावर ठसे उठले. पण ते पिस्तूल एकदाही अडकलं नाही. दुकानातून घेतलेल्या कोऱ्या पेटीतल्या गोळ्या एकामागून एक गेल्या. कागदावरच्या माणसाच्या छातीत, पोटात, आणि एक मात्र कानाच्या पलीकडे.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"हाताला चावतं," ती म्हणाली, आणि तळवा चोळत त्या पिस्तुलाकडे बघत राहिली. "पण ऐकतं. माझ्या घरात माझं ऐकणारं आजवर काहीच नव्हतं."

तिचे खांदे खाली आले होते. आली तेव्हा ते कानाला टेकले होते, हे मला त्या वेळी कळलं. मला तिच्याइतकाच आनंद झाला.

तेवढ्यात ऑर्व्हल दारात उभा. डॉक्टरनं काहीतरी नको ते सांगितलं असणार, कारण चेहरा आंबलेला होता.

"हे काय चाललंय?"

"नवं पिस्तूल आहे तिचं," मी म्हटलं.

"आणि पहिलं मॅगझिन?"

"झालं उडवून. तिनंच उडवलं."

रेंजवर तीन-चार जण होते. सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. ऑर्व्हलनं ट्वायलाच्या पुढ्यातलं पिस्तूल उचललं, दोन बोटांत धरून वर केलं.

"ह्याला पिस्तूल म्हणतात होय? पोरी, हे कोणी गळ्यात मारलं तुझ्या? खेळण्यांच्या दुकानातून आणलंस की काय?"

मागचे बाप्ये हसले. ते हसायलाच तर येतात.

"मिस्टर प्रुएट, ते चांगलं चाललं," ट्वायला म्हणाली.

"तुझ्या हातात? कोंबड्यांची हाडं काढणाऱ्या हातांना काय कळणार चांगलं चाललं की वाईट? आण इकडे ते मॅगझिन. ह्याची लायकी काय ते मी दाखवतो."

मला त्याला तिथल्या तिथे हाकलायला हवं होतं, पण रिवाज रिवाज असतो, आणि ट्वायलानं मॅगझिन देऊनही टाकलं होतं. हुकूम करणाऱ्या माणसाला वस्तू देऊन टाकायची तिला सवयच होती.

त्यानं खिशातून गोळ्यांची पेटी काढली. पेटी कंपनीची, छापील नाव असलेली. आतल्या गोळ्या कुठल्या ते मला ठाऊक होतं. ऑर्व्हल गॅरेजमध्ये बसून, टीव्हीवर बेसबॉलचा सामना लावून, वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून गोळ्या बनवतो आणि कंपनीच्या रिकाम्या पेट्यांत रचून ठेवतो. असं पुष्कळ लोक करतात. स्वतःच्या बंदुकीत घाला, नाही कोण म्हणतं. पण घरी भरलेली गोळी वापरली की पिस्तूल बनवणारी कंपनी हात वर करते. म्हणून हॉइटनं गिऱ्हाइकाच्या कोऱ्या पिस्तुलात त्या घालायला सक्त मनाई केली होती. ऑर्व्हलला मनाई म्हणजे इतरांसाठीची गोष्ट वाटते.

त्यानं झाडायला सुरुवात केली. दोन गोळ्या नीट गेल्या. तिसऱ्या खेपेला धाड आवाज झालाच नाही. बाटलीचं बूच उडावं तसा फुसका आवाज आला आणि पिस्तूल थांबलं.

"बघा!" ऑर्व्हल आनंदानं ओरडला. "सांगितलं नव्हतं? अडकलं!"

"थांबा!" ट्वायला किंचाळली. तिच्या हातात ते असं एकदाही वाजलं नव्हतं.

आमच्या रेंजवर एक नियम आहे आणि तो दारावरच मोठ्या अक्षरांत लिहिलाय: कोणीही 'थांबा' म्हणालं, अगदी पहिल्यांदा आलेलं माणूस म्हणालं, तरी सगळ्यांनी शस्त्र खाली ठेवायचं. का म्हणून नंतर विचारायचं. बाकीच्या सगळ्यांनी ठेवली. ऑर्व्हलनं नाही. कोंबड्यांच्या कारखान्यातली बाई त्याला थांबवणार? आणि तो जे सगळ्यांना शिकवतो तेच त्याचे हात करत होते. पिस्तूल अडकलं की विचार करायचा नाही. खालून मॅगझिनला थाप, स्लाइडला हिसका, पुन्हा चाप. नव्या गड्यांकडून त्यानं हे इतकं घोटून घेतलंय की ते झोपेतही थाप मारत असतील. थाप, हिसका, चाप.

ह्या वेळी मोठा आवाज झाला.

फुसक्या गोळीत दारूच नव्हती, ती नळीतच रुतून बसली होती. मागून दुसरी जाऊन तिच्यावर आदळली. नळी मधोमध फुगली, स्लाइड जाम झाली, प्लास्टिकची मूठ तडकली आणि ऑर्व्हलचा अंगठ्याखालचा मांसल भाग फाटला. त्यानं पिस्तूल टाकलं आणि हात पोटाशी धरून जागच्या जागी वाकला. मी त्याला पट्टी बांधली. रागानं जरा जास्तच आवळली.

"भंगार," तो दात आवळून म्हणाला. "भंगार! माणूस मेला असता!"

हॉइट दुकानातून धावत आला. फुगलेली नळी बघितली, पेटी बघितली. ऑर्व्हलच्या पायाशी सांडलेल्या पुंगळ्या उचलून त्यांच्या बुडाचे शिक्के वाचले असते, तर प्रत्येकीवर वेगळ्या कंपनीचा शिक्का दिसला असता. पण हॉइटला ढालीवाल्या माणसाशी वैर नको होतं. त्यानं पुंगळ्या उचलल्या नाहीत. त्यानं मला विचारलं.

"आयोन, गोळ्या कंपनीच्याच ना? तसं असेल तर मी हिला आत्ता दुसरं काढून देतो, कंपनीशी माझं मी बघून घेईन. घरच्या असतील तर मात्र माझ्या हातात काही नाही."

ट्वायला भिंतीला टेकून उभी होती. खांदे पुन्हा कानाला टेकलेले. शुक्रवार परवावर आला होता.

किती वर्षं मी ह्या क्षणाची वाट बघत होते! सगळ्यांसमोर, त्याच्या त्या भाटांसमोर, ऑर्व्हल प्रुएट तोंडावर आपटणार आणि धक्का मी देणार. जिभेवर आलं होतं. ऑर्व्हल माझ्याकडे बघत होता आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत भीती दिसली.

"कंपनीच्याच," मी म्हटलं.

हॉइटनं आतून तसंच दुसरं पिस्तूल आणून ट्वायलाच्या हातात दिलं. आणि ऑर्व्हल? तो दहा मिनिटांत सावरला. खुर्चीत बसून, पट्टी बांधलेला हात वर धरून, स्वस्तातल्या पिस्तुलांवर प्रवचन देऊ लागला. ते भाट माना डोलवत होते.

ट्वायला बाहेर पार्किंगमध्ये आपल्या गाडीपाशी उभी होती. नवं खोकं तिनं टपावर ठेवलं होतं, अंगापासून लांब.

"मला नको हे," ती म्हणाली. "त्याचंच भावंड ना? कर्टिस दारात आला आणि हेही असंच फुटलं तर? त्यापेक्षा स्वयंपाकघरातली सुरी बरी."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे पिस्तूल मिळवून दिलं आणि विश्वास काढून घेतला.

"ट्वायला, पिस्तुलात काही खोट नव्हती. ऐक माझं. त्या गोळ्या ऑर्व्हलनं गॅरेजमध्ये भरलेल्या. एकीत दारू घालायला विसरला. तुझ्या हातात ते चाललं तेच त्याचं खरं चालणं."

तिनं टपावरच्या खोक्याकडे बघितलं.

"मग आत तसं का नाही म्हणालात?"

"तुझ्यासाठी. नाहीतर दुसरं मिळालं नसतं."

"हं," ती म्हणाली. "मनगट मोडलं तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडले म्हणून. पोरांसाठी सांगितलं. मला तेव्हा खरंच वाटायचं की पोरांसाठीच सांगतेय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता. ऑर्व्हलनं माझ्यावर कधी हात उगारला नाही, आणि ह्या गोष्टीचा मी उगाच अभिमान बाळगत आले, असं त्या उन्हात उभं असताना वाटलं. मला स्वतःची लाज वाटली आणि भयंकर संताप आला.

"चल," मी खोकं उचललं. "आत चल माझ्याबरोबर."

ऑर्व्हल अजून बोलतच होता. मी रेंजवर जाऊन तो उभा होता तिथल्या पुंगळ्या ओंजळीत भरल्या आणि हॉइटच्या पुढ्यात काउंटरवर ओतल्या.

"शिक्के वाच."

"आयोन, कशाला आता..."

"वाच! पेटी कंपनीची होती. आतला माल आमच्या गॅरेजमधला. मी खोटं बोलले. पिस्तूल चांगलं होतं, ह्याची गोळी रिकामी होती, आणि तिनं 'थांबा' म्हटलं तरी हा थांबला नाही. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना ते 'थांबा'? मग इतका वेळ कोणाची दातखीळ बसली होती?"

एक जण आपल्या बुटांकडे बघू लागला.

हॉइटनं दोन पुंगळ्या उलटून बघितल्या आणि नि:श्वास टाकला. "मग बदलीचं पिस्तूल देता येत नाही, आयोन."

"देऊन झालंय. पैसे ऑर्व्हलच्या नावावर लिही."

"माझ्या नावावर?" ऑर्व्हल खुर्चीतून उठला. "त्या भंगारासाठी?"

"लिही, हॉइट."

हॉइटनं ऑर्व्हलकडे बघितलं, मग त्या पुंगळ्यांकडे, आणि लिहिलं.

ट्वायला दुकानातली कोरी पेटी घेऊन मागे गेली. तिनं स्वतःच मॅगझिन भरलं, स्वतःच स्लाइड ओढली, आणि पहिलं मॅगझिन आपणच रिकामं केलं. ह्या खेपेला कानाच्या पलीकडे एकही गोळी गेली नाही. निकाल द्यायला कोणी पुढे आलं नाही. तिनं पिस्तूल खोक्यात ठेवलं, मला मान हलवून दाखवली आणि घरी गेली.

परतताना ट्रक मी चालवत होते, कारण ऑर्व्हलचा हात दुखत होता. दगडखाण मागे पडली, मक्याची शेतं लागली, तोवर तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, माणूस शरमला असेल. मनातल्या मनात मी त्याला थोडी सूटही दिली.

मग तो म्हणाला, "एक सांगू? चांगल्या पिस्तुलानं अशी एखादी गोळी सोसली असती."

मी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला.

"उतर."

"काय?"

"खाली उतर, ऑर्व्हल."

"अगं, घर लांब आहे अजून. आणि हा हात बघ."

"बघितला. पायांना काही झालेलं नाही. उतर."

तो माझ्याकडे बघत राहिला, मी चेष्टा करतेय का ते ताडत. मग डाव्या हातानं कसंबसं दार उघडलं आणि उतरला. मी गिअर टाकला तेव्हा तो बाहेरून काहीतरी ओरडत होता. काचा बंद होत्या, आणि मी त्या उघडल्या नाहीत.