शोभाताईची न लावलेली हळद

आमच्या शोभाताईला लग्न ठरण्याआधीच हळद लागली, आणि ती कोणीही लावली नव्हती.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचा हिवाळा. मी वर्ध्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. घरातला पहिलाच कॉलेजवाला, त्यामुळे मी सांगेन ते शास्त्र. ताईचे कोपर खरखरीत, गालांवर पुटकुळ्या, आणि महिन्याभरात पाहुणे बघायला येणार. मी (पुस्तकातलं एकच पान वाचून) सांगितलं, "ताई, जीवनसत्त्व अ कमी आहे तुले. गाजरं खाय."

ताई रोज किलोभर गाजरं खाऊ लागली. तिला सोबत म्हणून मीही. कोपर जरा मऊ झाले. पुटकुळ्या जागच्या हलल्या नाहीत.

पाहुणे आले. ताईने पोह्यांची बशी पुढे केली आणि मुलाच्या आत्याबाईंचा हात हवेतच थांबला.

"पोरी, हे हळद कोणाची व?"

ताईचे तळवे पिवळे होते. आईने साबण लावून धुतले. पाणी स्वच्छ वाहून गेलं, तळवे तसेच. आत्याबाईंनी वाकून पाहिलं, तळपायही पिवळे.

"कावीळ असंन," मुलाचे वडील म्हणाले.

आत्याबाईंनी ताईची पापणी ओढली. डोळे दुधासारखे पांढरे.

"कावीळ नाई." त्यांचा आवाज खाली गेला. "आमच्या गावात एकीले असंच झालतं. हे हळद लावणारा दिसत नाई. मांडवाच्या दिवशी न्यायले येते."

पोह्यांना कोणी हात लावेना. वारा नसताना दाराचा पडदा हलला. आईने ताईचा दंड घट्ट धरला. नवरामुलगा हळूच चपला शोधू लागला. स्थळ हातचं चाललं होतं, आणि तेव्हाच माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. तेही पिवळे.

"आत्याबाई, हे गाजरं आहेत," मी चाचरत म्हणालो. "आम्ही दोघंही खाऊन राह्यलो. कातडीत रंग उतरला. हे पाहा."

(गरजेपेक्षा जास्त गाजरांनी कातडी उजळत नाही, नुसती पिवळी होते, हे पुढच्याच पानावर होतं. ते मी नंतर वाचलं.)

आत्याबाईंनी माझे हात पाहिले, ताईचे पाहिले, पुन्हा माझे पाहिले. चेहरा सैल झाला.

"गाजरं कायचे? हळद तं याले लागली. पोरीले नुसती उष्टी लागली. याच्यामागं कोणी बाई आहे."

ताईचं लग्न तिथेच ठरलं. गाजरं सोडल्यावर काही आठवड्यांत हात निवळले. मला मात्र पुढे सात वर्षं एकही स्थळ सांगून आलं नाही. ती न दिसणारी बाईसुद्धा न्यायला आली नाही. तिनेही मला पाहून नकारच दिला असावा.