टाळ्या न वाजवण्याचे दिवस

पुण्याहून निघालो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, असोद्याहून फोन आला होता. "आई गेली. तू आल्याशिवाय नेत नाही," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. नितीनने, माझ्या नवऱ्याने, गाडी काढली. मी हाताला लागतील ते कपडे पिशवीत कोंबले आणि झोपलेल्या जुईला तशीच उचलून मागच्या सीटवर घेतलं. जुई आमची मुलगी, अडीच वर्षांची. तिची पॉटी घरीच राहिली, हे संगमनेर मागे पडल्यावर लक्षात आलं.

घरात लहान मूल नसेल त्याला वाटेल, आई गेलेली असताना ही बाई पॉटीचं काय घेऊन बसली. पण जुईचा डायपर सुटून जेमतेम महिना झाला होता. तिने पॉटीत शी केली की आमच्याकडे टाळ्या वाजायच्या. हे कुणी शिकवलेलं नाही. पहिल्यांदा जमलं तेव्हा नितीनने भाबडेपणाने टाळ्या वाजवल्या आणि तोच घरचा कायदा झाला. मग तीच आतून हाक मारायची, "टाळ्या!" आणि आम्ही असू तिथून हातातलं टाकून जायचो. नितीन एकदा ऑफिसची मीटिंग चालू ठेवून गेला होता.

मालेगावच्या अलीकडे एका हॉटेलात तिला घेऊन गेले, तर तिथला संडास बघून तिने माझ्या गळ्याला मिठीच मारली. धुळ्याच्या बाहेर सीट ओली झाली. तिने ओशाळून माझ्याकडे पाहिलं. मी कपडे बदलले, सीटवर टॉवेल टाकला. धुळ्यानंतर मुलूख उघडा होत जातो. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली काळी रानं, बांधावर रचून ठेवलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, आणि जळगाव जवळ आलं की एकदम केळीचे हिरवे गठ्ठे. दर वर्षी हा हिरवा रंग दिसला की मला माहेर आल्यासारखं वाटायचं. या वेळी मी खिडकीची काच वर केली.

असोद्याला गल्ली माणसांनी भरली होती. आईला अंगणात ठेवलं होतं. ती सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, कपाळभर कुंकू. मी सांगतील तसं सगळं केलं. तिच्या तोंडात पाणी घातलं, पायावर डोकं ठेवलं, बाजूला झाले. रडू आलं नाही. आलं नाही म्हणण्यापेक्षा, मागे नितीनच्या कडेवर जुई होती, तिला भूक लागली असेल, तिला तासाभरात शूला न्यायला हवं, हे डोक्यात चालू होतं आणि त्याच्या आडून मला आई नीट दिसतच नव्हती. माझ्या काकू, नानांच्या धाकट्या भावजय, जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "रडून घे व माय. असं धरून नको ठेवू." मी मान हलवली.

पुढचे दिवस आम्ही तिथेच राहिलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, त्यामुळे शेजारपाजारच्या घरांतून डबे यायचे. वरण-भात, पिठलं, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). आणि जो तो जुईच्या हातात केळं द्यायचा. "घे व माय, केयं खाय." नको म्हटलं तरी देणाऱ्याला वाईट वाटायचं, म्हणून ती खायची.

संडास मागच्या अंगणात, कोपऱ्यात. खाली बसायचं, आणि ते भोक बघून जुई आक्रसायची. मी तिला दोन्ही काखांत धरून अधांतरी बसवायचे. शू निम्मी पायावर, निम्मी माझ्या साडीवर. चड्ड्या दोरीवर वाळेपर्यंत पुन्हा ओल्या. नितीन म्हणाला, "जळगावातून डायपर आणतो, इथून जाईपर्यंत चालू दे." मी हो म्हटलं. जुईने डायपर पाहिला आणि म्हणाली, "ते बाळाचं आहे," आणि फाडून ठेवला. तिचा मला रागही आला आणि कौतुकही वाटलं.

तिकडे दारवर (मयताच्या घरी भेटायला) येणाऱ्यांची रीघ होती. आमच्याकडे बायका घोळक्याने येतात. गल्लीच्या तोंडाशी गप्पा मारत आलेल्या असल्या तरी दाराशी आल्या की गळा काढतात, आणि घरातल्या बायकांनी पुढे होऊन त्यांच्या गळ्यात पडून रडायचं असतं. मग पाणी, मग चौकशा. मी पुढे व्हायचे, गळ्यात पडायचे, आणि कोरड्या डोळ्यांनी परत येऊन बसायचे. शहरात राहून मन घट्ट झालं, असं मागे कुणीतरी बोललेलं मी ऐकलं.

एका सकाळी जुई मला ओढत मागे घेऊन गेली. या खेपेला तिने माझा हात धरून, न रडता, त्या भोकावर बसून शी केली. आल्यापासून पहिल्यांदा. चेहरा असा उजळला होता तिचा! मी तिला धूत होते, तेवढ्यात पुढे नशिराबादच्या बायका आल्या, आईच्या माहेरच्या, आणि दारात आवाज उठला. चड्डी घालायच्या आत जुई माझ्या हातून निसटली आणि तशीच पुढे पळाली. मी मागोमाग गेले तर ती ओट्यावर, रडणाऱ्या बायकांच्या मधोमध, टाळ्या वाजवत उभी होती. "मी शी केली! टाळ्या! सगळ्यांनी टाळ्या!"

बायका गप्प झाल्या. काकूंनी तिचे हात हळूच धरले. "नको व माय, इठी टाया नही वाजवत." मी मात्र शरमेने इतकी कावले की तिला खसकन ओढून तिचे दोन्ही हात घट्ट आवळले आणि म्हणाले, "गप्प. एकदम गप्प." त्या बायकांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी त्या उघड्या पोरीकडे पाहिलं आणि "तुले पाह्याले तुही आजी नही राह्यली व," म्हणत असा टाहो फोडला की बाकीच्या सगळ्या पुन्हा रडायला लागल्या. मी कडेवर उचलून घेतलेली जुई त्या रडणाऱ्या बायकांकडे बघत होती.

त्या दिवसापासून तिने शी बंद केली. शू चड्डीत व्हायची, त्याचं तिला काही वाटेनासं झालं. पण शी आली की ती कपाटाच्या आड जाऊन पाय एकमेकांत अडकवून, चेहरा लालबुंद करून उभी राहायची आणि कळ गेली की परत यायची. विचारलं तर मानेने नाही म्हणायची. तिचं खाणं तुटलं. पोट दगडासारखं झालं. आईच्या घरात, आईच्या दिवसांत, मी रात्रंदिवस एका लेकराच्या पोटावर हात ठेवून होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

जळगावला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, पातळ औषध दिलं, केळी थांबवायला सांगितली. "मूल धरून ठेवतंय. जबरदस्ती करू नका, रागावू नका. काही घाबरण्यासारखं घडलं का?"

"आजी गेली तिची," नितीन म्हणाला.

डॉक्टर जुईकडे बघत म्हणाले, "तिला सांगितलंत का नीट?"

आम्ही सांगितलं होतं की आजी देवबाप्पाकडे गेली. औषधाने पोटात कळा वाढल्या, पण शी झाली नाही. ती आणखी जोर लावून धरून ठेवायला लागली.

गंधमुक्ती झाली (दिवसांच्या शेवटी नातेवाईक कपाळाला गंध लावून घर सुतकातून मोकळं करतात). दुसऱ्या सकाळी निघालो. नानांनी जुईच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "पोचली की कळव. तिचं पोट मोकळं झालं की तेही कळव." पारोळ्याच्या रस्त्याला काम चालू होतं म्हणून धरणगाववरून वळलो. कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे मागे, धूळ खात. जुई कळ आली की सीटच्या पट्ट्यात ताठ व्हायची आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायचे.

धुळ्याला नितीनच्या थोरल्या मावशी राहतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात. सुतक संपलेल्या माणसाला घरी बोलवून जेवू घालायचं, दुखवट्याचं जेवण, म्हणून त्यांनी थांबवून घेतलं होतं. उडदाची डाळ, भाकरी, वर तेल. जुई गादीवर बसली होती, आणि पानं घेता घेता गादी ओली झाली. मी उठायला लागले.

"बठ व तू," अक्का म्हणाल्या. "गादी वाळी जाई. पोर लहान शे. तू दोन घास खाय."

घास घेतला आणि पाहिलं तर जुई जागेवर नव्हती. ती मागच्या खोलीत, दाराच्या आड, पाय अडकवून उभी होती. कपाळावर घाम. मी तिला उचलली नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"दुखतं?"

तिने मानेने हो म्हटलं.

"मग करून टाक ना. मी आहे इथे."

"नाही. केली की सगळ्या रडतात."

"कोण रडतात?"

"त्या आज्या. मी शी केली तर त्या रडल्या. तू पण रागावली."

इतके दिवस ती हे पोटात घेऊन फिरत होती. मी तिचे हात हातात घेतले, जे मी आवळले होते तेच. "जुई, तुझ्यामुळे नाही कुणी रडलं. तुझं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं. त्या बायका तुझ्या आजीसाठी रडत होत्या. माझी आई मेली. आता ती परत कधी येणार नाही. म्हणून रडत होत्या."

ती म्हणाली, "मग तू का नाही रडलीस?"

आणि मला आई दिसली. अंगणात, हिरव्या साडीत, मी जिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं ती. नशिराबादच्या बायका जशा रडल्या तशी मी धुळ्याच्या त्या खोलीत रडले, मोठ्याने, तोंडात पदर न धरता. नितीन दारात येऊन उभा राहिला. अक्का त्याला बाजूला घेत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. रडू दे तिले." जुई घाबरली नाही. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून नीट पाहिला, जणू खात्री करून घेत होती. मग तिथेच, दाराच्या आड, माझ्या खांद्याला धरून ती खाली बसली. तिला फार दुखलं. ती रडत होती, मीही रडत होते, आणि बराच वेळ लागला, पण झालं.

फरशी अक्कांनी मला पुसू दिली नाही. नानांना मी तिथूनच फोन केला. ते "बरं झालं" म्हणाले.

पुण्याला येऊन आता काही आठवडे झाले. जुईचं अजून पूर्ण बसलेलं नाही. कधी चड्डीत होते, कधी ती दोन दिवस धरून ठेवते. मी फरशी पुसते, चड्डी बदलते. पूर्वी मला वाटायचं, मूल एकदा शिकलं की शिकलं. प्रवासात मुलांचं शिकलेलं सुटतं, हे खरं, आणि ते परतही येतं. पण आपण त्याला कशाने घाबरवलं हे त्याला सांगता येईपर्यंत थांबावं लागतं, आणि आपल्यालाही खरं सांगावं लागतं.

काल ती बसायच्या आधी दारात थांबली आणि म्हणाली, "आता कुणी रडणार नाही ना?"

"मी रडेन कधी कधी," मी म्हटलं. "पण तुझ्यामुळे नाही."

तिने थोडा विचार केला. "चालेल," म्हणाली, आणि आत गेली.