डॅम्परला कोणी हात लावला नव्हता

पंखा फिरत होता, पॅनेलवरचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि ओव्हनच्या आतली हवा गार होती. सकाळपासून तिसऱ्यांदा मी दार उघडून आत हात घातला.

"लिमये-सान, शेकायला बसायचं तर थंडी पडू द्या," शेजारून मोरिता-सान म्हणाल्या.

कपाटाएवढा जुना इलेक्ट्रिक ओव्हन. वॉर्निश लावलेल्या मोटरच्या कॉइल्स त्यात भाजून कडक करायच्या. कंपनीचं ओसाकाचं युनिट बंद झालं, तेव्हा तो आमच्या कावासाकीच्या कारखान्यात आला. वीस वर्षं तो चालवणाऱ्या मोरिता-सानही आल्या. मी पुण्याहून गेलेला मेंटेनन्स इंजिनिअर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मॅनेजर ओगावा-साननी सोमवारीच सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत तापला नाही तर भंगारात. मग त्याच्यावरची पोस्टही ठेवता येणार नाही." ती पोस्ट म्हणजे मोरिता-सान.

हीटर तपासले. तिन्ही शाबूत. फ्यूज ठीक. कॉन्टॅक्टर, म्हणजे हीटरला वीज देणारा मोठा स्विच, तोही ठीक. त्याला 'चालू हो' हा हुकूमच मिळत नव्हता. हुकूम अडत होता एअरफ्लो स्विचपाशी. पंख्याची हवा पुरेशी वाहते का, हे तो बघतो. कमी असेल तर हीटर लावू देत नाही, नाहीतर ते जळतील. मी नवा स्विच बसवला. तरी तेच.

म्हणजे हवाच कमी. ती कमी-जास्त करायला हवेच्या मार्गात, म्हणजे डक्टमध्ये, डॅम्पर नावाची झडप असते. मंगळवारी ओगावा-सान रिपोर्टसाठी मागे लागले. मी लिहिलं, 'ऑपरेटरने डॅम्पर चुकीचा लावला.' डक्ट मी उघडूनही पाहिला नव्हता.

"मी डॅम्परला हात लावलेला नाही," मोरिता-सान म्हणाल्या. "तुम्ही ओव्हन ऐका. ओसाकाला आवाज बारीक होता. इथे बसलाय."

"जुनं मशीन आहे. प्रवासात बसला असेल."

"मीही जुनीच आहे, त्याच आठवड्यात आले. माझा नाही बसला."

मी हसून विषय टाळला. बुधवारी डक्ट खोलला. डॅम्पर पूर्ण उघडा, ओसाकाचं सील जसंच्या तसं. तेव्हा कुठे त्यांचं बोलणं डोक्यात शिरलं. आवाज उतरला, म्हणजे पंखा मंद फिरतोय. का?

जपानात विजेची फ्रीक्वेन्सी दोन प्रकारची. ओसाकाकडे साठ हर्ट्झ, कावासाकीकडे पन्नास. पन्नासवर तीच मोटर सहाव्या हिश्शाने मंद फिरते. भारतात सगळीकडे पन्नासच, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. जपानी सहकाऱ्यांना तो माहीत होता. पण त्यांनी मोटरची पाटी वाचली, तिच्यावर '५०/६०' होतं, त्यांनी टिक केलं. मोटर दोन्हींवर चालते हे खरंच. पंखा हवा किती देईल, ते पाटीवर नसतं.

पंखा बेल्टवर होता. मोटरवरची पुली मोठी केली की त्याला जुना वेग मिळणार. गुरुवारी पुली बसवली. मोटर किती करंट घेते ते पाहिलं, मर्यादेत होतं.

शुक्रवारी सकाळी बटण दाबलं. आवाज चढला. कॉन्टॅक्टर खट्कन लागला. चाळीस डिग्री, ऐंशी, दीडशे! मोरिता-साननी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. कारखान्यातल्या आमच्या अख्ख्या शॉपने टाळ्या वाजवल्या.

"लिमये-सान, हे तुम्ही शोधलंत?" ओगावा-साननी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्या 'हो'साठी हे लिहितो आहे. दुसऱ्या रिपोर्टवर 'कारण शोधणारे' या रकान्यात माझं नाव गेलं. पहिला रिपोर्ट मी मागे घेतलाच नाही. मोरिता-सानची पोस्ट वाचली, पण दोन वर्षांनी लाइन लीडर, म्हणजे लाइनचा प्रमुख, निवडताना ती फाइल उघडली गेली आणि डॅम्परच्या ओळीपाशी त्यांचं नाव गळलं. तोवर मी पुण्यात परतलो होतो. हे मला ओगावा-सानच्या एका ईमेलमधून सहज कळलं, आणि मी नऊ वर्षं गप्प बसलो.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे जपानात, एदोगावाला गेलो आणि ओगावा-सानना फोन केला. ते आता प्लँट हेड आहेत. सगळं ऐकून त्यांनी ती जुनी फाइल मागवून घेतली. मग म्हणाले, "जुना कागद बदलता येत नाही. चुकीच्या ओळीवर दोन रेघा मारायच्या आणि शेजारी शिक्का. पण ज्याचा कागद, त्याचाच शिक्का."

तिथे सहीच्या जागी शिक्का असतो. माझा मी पुण्याहून निघतानाच बॅगेत टाकला होता.

कावासाकीला ओव्हन चालू होता, मोरिता-सान त्याच्यासमोर. सगळ्यांदेखत मी डॅम्परच्या ओळीवर दोन रेघा मारल्या. दुसऱ्या रिपोर्टवर 'लिमये' खोडून 'मोरिता' लिहिलं. दोन्हीकडे शिक्का उठवला आणि कमरेत वाकून माफी मागितली.

जपानात ट्रेन लेट झाली की ऑफिसात दाखवायला स्टेशनवर तसा दाखला मिळतो. मोरिता-साननी दोन्ही कागद नीट वाचले आणि हात पुढे केला. "लिमये-सान, एवढ्या उशिराचा दाखला कुठेय?"

शॉप हसलं. मग टाळ्या वाजल्या, आणि या खेपेला त्या योग्य माणसासाठी होत्या.

एप्रिलपासून मोरिता-सान लाइन लीडर आहेत.

नव्या इंजिनिअरांना एवढंच सांगेन. तपासलं नसेल तर रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना दुसऱ्या दिवशीही भरता येतो. भरलेला खोडायला मला विमानाने जावं लागलं.