ठिपक्यांतले आकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आई बाहेर टीव्ही बघतेय, आणि मी आत बसून तुम्हाला सांगतोय.

मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे — युरोपातल्या सक्तीच्या सैन्यभरतीचा इतिहास. शनिवारी ती आम्हाला सांगत होती. फ्रान्समध्ये दोनशे वर्षांपूर्वी गावोगाव चिठ्ठ्या काढत, नंबर लागला की जायचं. ऐपतवाले बदली माणूस पाठवत. आणि काही पोरं — “बाबा, दे पुल्ड आउट देअर ओन टीथ.” बंदुकीच्या दारूची पुडी पुढच्या दातांनी फाडावी लागे, दातच नसले तर भरती कशी करणार? कुणी अंगठाच तोडून घेई. मी थक्क झालो. भिण्यासाठीही केवढी ही हिंमत?

कारण भ्यालो तर मीही होतो. आमच्याकडे सक्ती नव्हती, बाबा होते — निवृत्त सुभेदार. मी सैन्यात अधिकारी व्हायचं हे त्यांनी मी दहावीत असतानाच ठरवलेलं. लेखी झाली, मुलाखत झाली, उरली वैद्यकीय तपासणी. रंगीत ठिपक्यांमधले आकडे वाचायचे होते. मला ते लख्ख दिसत होते. मी — कसं सांगू — मुद्दाम चुकीचे सांगितले. मरायची भीती वाटली, दुसरं काही नाही. रंगांधळा ठरवून मला घरी पाठवलं.

एवढंच असतं तर? पण डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, हा दोष आईकडून येतो. बाबा कित्येक महिने आईशी धड बोलले नाहीत. जेवताना म्हणायचे, तुझ्या माहेरची देणगी. ती मुकाट वाढत राहायची. मी तिथेच ताटावर असायचो. कुठून आणलं तिने एवढं सोसायचं बळ?

याला अठ्ठावीस वर्षं झाली. बाबा गेले. आई दर हिवाळ्यात आमच्याकडे येते.

शनिवारी तिला ते दातांचं मराठीत समजावलं, तेव्हा तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, “त्यांच्या आयांना ठाऊक असेल का रे?” आणि थोड्या वेळाने, “तुझं मात्र माझ्यापायी राहिलं. राग नाही ना धरलास?”

हे ती दर वर्षी एकदा तरी विचारते. मी दर वर्षी तिला माफ करतो.